अनोळखी नावाचे कॅबिनेट घेताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये संगणक जुळवून घ्यायला गेलेले गिऱ्हाईक प्रोसेसर कोणता, रॅम किती, डिस्क कोणती, यावर तासभर घासाघीस करते. शेवटी दुकानदार विचारतो, कॅबिनेट कोणते टाकू? तेव्हा उत्तर ठरलेले असते : टाका कोणतेही, दिसायला बरे असले म्हणजे झाले. मग दुकानदार ज्यात त्याला चार पैसे जास्त सुटतात ते कॅबिनेट टाकतो. पुढच्या बाजूला काच, आत रंगीबेरंगी दिवे आणि वर असे नाव, जे आपण कधी ऐकलेले नसते.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. तेव्हापासून जुना संगणक बदलावा की काय, हा प्रश्न पंचिंग करणारे, लग्नपत्रिका छापणारे, फ्लेक्सवाले आणि हिशेब ठेवणारे अशा अनेकांसमोर आहे. नवा संगणक जुळवून घेण्याचा विचार असणाऱ्या बंधूंसाठी या वेळी आम्ही कॅबिनेटचाच विषय घेतला आहे. कॅबिनेट म्हणजे नुसते खोके नव्हे. आतल्या चाळीस-पन्नास हजारांच्या मालाला हवा पुरवणे, धूळ अडवणे आणि विजेचा दोष अंगावर येऊ न देणे ही त्याची कामे आहेत. कारागिराच्या संगणकात गिऱ्हाइकांची डिझाइने असतात, उधारीचा हिशेब असतो. ऐन लग्नसराईत तो बंद पडला तर नुकसान खोक्याच्या किमतीवर मोजता येत नाही.

अनोळखी नाव म्हणजे खराब माल काय? तसे नाही. कॅबिनेट बनवणे हे मुळात पत्र्याचे काम आहे. साचा, प्रेस, रंग आणि जुळणी. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात हे काम करणारे पुष्कळ कारखाने आहेत आणि ते दुसऱ्यांच्या नावाने माल काढून देतात. आयातदार नमुना पसंत करतो, काचेचा आकार किंवा दिव्यांचा रंग बदलून घेतो आणि आपले नाव छापून आणतो. त्यामुळे एकच खोके दोन दुकानांत दोन नावांनी दिसले तर आश्चर्य वाटू देऊ नये. आपल्याकडे शिलाईवाले बंधू हेच करतात. माल एकाच कारखान्यातून निघतो आणि लेबले दहा लागतात.

उलट, नाव मोठे म्हणून डोळे मिटून घ्यावे असेही नाही. एनझेडएक्सटी ही अमेरिकेतील नामांकित कंपनी. तिच्या एच-१ या महागड्या कॅबिनेटमध्ये आतली एक पट्टी ज्या स्क्रूंनी बसवली होती, त्यांच्यामुळे शॉर्ट सर्किट होऊन आग लागण्याचा धोका निघाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने हा माल परत बोलावल्याची सूचना काढली. एकट्या अमेरिकेत सुमारे ३२ हजार नग विकले गेले होते. चूक एका स्क्रूची, पण ती आगीपर्यंत जाऊ शकत होती. या प्रकरणातून घेण्यासारखी गोष्ट ही की दोष निघाल्यावर जाब विचारायला कंपनी जागेवर होती आणि गिऱ्हाइकाला बदली भाग मिळण्याची सोय झाली. अनोळखी नावाचा माल घेताना खरा प्रश्न हाच असतो. उद्या काही निघाले तर या नावामागे कोणी उभे आहे काय? आणि तसे कोणी नसेल, तर माल आजच हाताने तपासून घेता येईल काय?

हाताने तपासण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. सहीह मुस्लिममध्ये एक प्रसिद्ध प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणुकीविरुद्ध अत्यंत कडक शब्दांत ताकीद दिली. आजच्या कॅबिनेटचा ढीग असाच आहे. काच आणि दिवे वर असतात, पत्रा, तारा आणि एसएमपीएस आत. म्हणून दुकानात पहिली गोष्ट ही करावी की बाजूचे झाकण उघडायला सांगावे. जो दुकानदार झाकण उघडायला कांकू करतो त्याच्याकडून घेऊ नये.

पत्रा आणि जोडकाम

झाकण हातात आल्यावर दोन टोके धरून हलकेच पीळ द्यावा. पत्रा कागदासारखा लवलवत असेल तर तो फार पातळ आहे. चांगल्या कॅबिनेटचा पत्रा साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर असतो, स्वस्तातला ०.५ किंवा त्याहून कमी. आपल्यात पत्राकाम करणारे बंधू आहेत, त्यांना हे बोटांनीच कळेल. इतरांनी व्हर्निअर लावून पाहावे, मात्र रंगाची जाडीही त्यात मोजली जाते हे लक्षात ठेवावे. पातळ पत्र्याचा तोटा असा की पंख्यांच्या थरथरीने तो वाजू लागतो आणि जड ग्राफिक्स कार्ड बसवले की चौकट वाकते.

नंतर आतल्या कडांवरून बोट सावकाश फिरवावे. कापल्यावर राहिलेला बर घासलेला नसेल तर हात कापतो, आणि पुढे तारांचे आवरणही कापले जाऊ शकते. मदरबोर्डच्या खाली बसणारे पितळी स्टँडऑफ सरळ आहेत का, त्यांचे आटे नीट आहेत का, तेही पाहावे. बोर्डाला जेथे भोक नाही तेथे एखादा स्टँडऑफ उभा राहिला, तर तो बोर्डाच्या मागच्या बाजूला टेकून शॉर्ट करू शकतो. मागच्या बाजूच्या कार्डांच्या पट्ट्या स्क्रूने काढता-लावता येणाऱ्या असाव्यात. स्वस्त खोक्यात त्या पिळून तोडायच्या असतात. एकदा तोडली की भोक कायमचे उघडे. गोदामाला लागून दुकान असलेल्यांना आम्ही काय सांगावे, उंदराला तेवढी जागा पुरते.

समुद्रकाठच्या वाचकांनी आणखी एक पाहावे. कॅबिनेटचा पत्रा जस्ताचा पातळ मुलामा दिलेला असतो, पण कापलेल्या कडेवर तो मुलामा राहत नाही. रत्नागिरी, मुरुड, श्रीवर्धन या बाजूच्या खाऱ्या हवेत गंज तेथूनच सुरू होतो. म्हणून आतूनही रंगवलेले कॅबिनेट मिळत असेल तर ते घ्यावे.

हवा कोठून येते?

सर्वांत जास्त फसगत येथे होते. पुढे तीन पंखे दिसतात, दिवे फिरतात आणि गिऱ्हाइकाला वाटते की माल थंड राहणार. पण त्या पंख्यांपुढे सलग काच असते. पंख्याने हवा ओढायची तर ती कोठून? काचेच्या बाजूला बोटभर तरी फट असेल तर थोडीफार येते. काच चौकटीला अगदी चिकटून असेल तर पंखे नुसते फिरतात. आमचे मत विचाराल तर कामाच्या संगणकाला पुढे काच नकोच. जाळीचे तोंड असलेले कॅबिनेट दिसायला साधे, पण पंख्याला हवा मिळते. हिशेब आणि डिझाइनच्या साध्या कामाला १२० मिलिमीटरचे दोन पंखे बहुधा पुरतात, एक पुढून हवा आत घेणारा आणि एक मागून बाहेर टाकणारा. सहा पंख्यांचे पैसे दिव्यांवर जातात.

घरी आणल्यावर एक सोपी परीक्षा करता येते. संगणक चालू करून पुढच्या बाजूला उदबत्ती किंवा थोडा लोबान धरावा, अंतर राखून. धूर आत ओढला जात असेल तर ठीक. तो तसाच वर जात असेल तर पंखा उलटा बसवलेला आहे किंवा हवेला वाट नाही. बदलून देण्याची मुदत संपण्याआधी ही परीक्षा करावी.

हवेबरोबर धूळ येते आणि प्रत्येक धंद्याची धूळ वेगळी. भिवंडी-मालेगावच्या लूमच्या आवारात सुताचा तंतू हवेत तरंगतो. तो पंख्याच्या पात्यांवर आणि प्रोसेसरच्या कूलरवर नमद्यासारखा बसतो. तेथे पुढच्या बाजूला आणि तळाला काढून धुता येणारी जाळी पाहिजेच, आणि ती बाहेरून ओढून काढता आली पाहिजे. ज्या जाळीसाठी संगणक आडवा करून चार स्क्रू काढावे लागतात ती वर्षभर कोणी धूत नाही. मात्र जाळी फार बारीक असली तर लवकर बुजते आणि जाळी नसण्यापेक्षा जास्त उष्णता कोंडते. लूमजवळ आठवड्याला धुणे हाच उपाय आहे. लेथ किंवा ग्राइंडरच्या कारखान्यातली धूळ तर लोखंडाची असते. ती वीज वाहते आणि बोर्डावर बसली की शॉर्ट होऊ शकतो. तेथे कोणतेच कॅबिनेट पुरे पडणार नाही, संगणक काचेच्या केबिनमध्ये हलवावा हेच बरे.

मापे

अनोळखी कंपनीच्या बाबतीत एक दिलासा आहे. मापे कंपनीच्या मर्जीवर नसतात. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे प्रमाण ठरवले, त्यानुसार बोर्डाची भोके, मागचे तोंड आणि एसएमपीएसची जागा ठरलेली आहे. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४ मिलिमीटर. एसएमपीएसचे तोंड १५० बाय ८६ मिलिमीटर. या प्रमाणाचे कॅबिनेट असेल तर कोणत्याही कंपनीचा बोर्ड त्यात बसला पाहिजे. म्हणजे उद्या कंपनी बंद पडली तरी खोके निकामी होत नाही.

कार्टनवर छापलेल्या दोन आकड्यांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि कूलरची उंची हे ते दोन आकडे. कार्डाचा आकडा अनेकदा पुढचा पंखा न धरता दिलेला असतो आणि पंखा २५ मिलिमीटर जागा खातो. १२० मिलिमीटर पंख्याचे उभे कूलर साधारण १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात. अरुंद कॅबिनेटात ते बसवले तर झाकण लागत नाही. खिशात टेप ठेवावी आणि दुकानातच मोजावे.

वर म्हटले की खोके प्रमाणाचे असते, पण पंख्यांच्या तारा तशा असतीलच असे नाही. बाजारात ३ किंवा ४ पिनांचा पंखा कोठेही मिळतो. काही स्वस्त दिवेवाल्या कॅबिनेटांत मात्र ६ पिनांचे वेगळेच प्लग असतात आणि ते त्या खोक्यातल्याच छोट्या सर्किटमध्ये बसतात. दोन वर्षांनी पंखा गेला आणि तोवर ते नाव बाजारातून गेले, तर एका पंख्यासाठी सगळे पंखे बदलावे लागतात. असेच निळ्या यूएसबीचे. पुढचे भोक निळे आहे म्हणून ते वेगवान ३.० समजू नये, आतली तार पाहावी. ३.० चा प्लग जाड व १९ पिनांचा असतो. ९ पिनांचा छोटा प्लग असेल तर ते जुने २.० आहे, रंग कोणताही असो. चालू करण्याचे बटण वीसेक वेळा दाबून पाहावे, स्वस्त खोक्यात पहिल्यांदा तेच जाते. गेलेच तर घाबरू नये, रीसेटच्या बटणाची तार चालू करण्याच्या पिनांवर लावली की काम भागते.

सोबत फुकट मिळालेला एसएमपीएस

आता खरी धोक्याची जागा. अनेक स्वस्त कॅबिनेटांसोबत एसएमपीएस फुकट मिळतो आणि त्यावर ४५० वॅट असा ठसठशीत आकडा असतो. तो आकडा वाचूच नये. बाजूच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचावे आणि गुणाकार करावा. तेथे १४ अँपिअर असतील तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघेही १२ व्होल्टवरच चालतात, म्हणून कामाचे वॅट एवढेच. तक्ताच नसेल तर विषय संपला. नुसत्या हिशेबाच्या संगणकाला १६८ वॅट कदाचित पुरतील. पण पुढे फ्लेक्सच्या किंवा डिझाइनच्या कामासाठी कार्ड बसवले की असा एसएमपीएस दबतो, आणि निकृष्ट एसएमपीएस जळताना कधीकधी बोर्ड आणि डिस्कही सोबत घेऊन जातो.

स्वतंत्रपणे विकल्या जाणाऱ्या एसएमपीएसला भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागू आहे. त्यावर मानकाचे चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाची आहे ते दिसते. दोन मिनिटांचे काम आहे, दुकानात उभे राहूनच करावे. आमचा सल्ला स्पष्ट आहे : कॅबिनेट अनोळखी घेतले तरी चालेल, एसएमपीएस अनोळखी घेऊ नये. पैसे मोजकेच असतील तर दिव्यांचे कॅबिनेट सोडून साधे जाळीचे घ्यावे आणि वाचलेले पैसे चांगल्या कंपनीच्या एसएमपीएसवर घालावेत.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार अनेक दुकानांतून ऐकू येते. दोष कॅबिनेटला दिला जातो, पण कारण बहुधा भिंतीत असते. एसएमपीएसमध्ये विजेचा गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर मुख्य विजेच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब उभा राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण टेस्टर पेटतो आणि तेवढ्याने यूएसबीला जोडलेल्या कटिंग प्लॉटरचा किंवा एम्ब्रॉयडरी मशीनचा पोर्ट जळू शकतो. शिवाय एसएमपीएसमध्ये खरोखर दोष निर्माण झाला तर अर्थिंगवाचून ती पूर्ण वीज माणसाच्या अंगातून वाट शोधते. म्हणून तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कधीही तोडू नये. इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून घ्यावे. फेज आणि अर्थ यांच्यात सुमारे २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टांहून जास्त नकोत. अंगावर धातूचे खोके घेऊन बसायचे तर एवढी खात्री हवीच.

कार्टन आणि बिल

नावामागे कोणी उभे आहे की नाही, हे कार्टनवरून कळते. वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे आयात केलेल्या बंद मालावर आयातदाराचे नाव व पूर्ण पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. नुसते इंग्रजी नाव आणि सुंदर चित्र असेल आणि आयातदाराचा पत्ता नसेल, तर ते नाव उद्या सापडणार नाही असे समजावे. दिलेल्या क्रमांकावर दुकानातूनच फोन करून पाहावा. पंख्याची आणि एसएमपीएसची हमी किती वर्षांची, दुरुस्तीसाठी माल कोठे द्यायचा, हे विचारावे.

बिल पक्केच घ्यावे, त्यावर कॅबिनेटचे मॉडेल आणि एसएमपीएस वेगवेगळे लिहून घ्यावेत. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला कराची वजावट पक्क्या बिलावरच मिळते. आणि कारागीर बंधूंना एक गोष्ट ठाऊक असावी. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूबाबत ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही असे दुकानदार सांगतात. ते अर्धसत्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जो माणूस केवळ स्वयंरोजगाराने आपली उपजीविका करण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरतो, तो ग्राहकच धरला जातो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

संगणक जुळवून विकणारे आपले अनेक तरुण हा मजकूर वाचतील, त्यांच्यासाठी दोन शब्द. फिकहमध्ये विकलेल्या मालात आधीचा ऐब निघाला तर तो परत करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे, त्याला खियार-उल-ऐब म्हणतात. विक्रेत्याने ऐब आधीच सांगितला आणि खरेदीदाराने तो मान्य करून माल घेतला तर पुढे वाद राहत नाही. म्हणजे या एसएमपीएसवर मोठे कार्ड चालणार नाही, किंवा हा पंखा बाहेर मिळणार नाही, असे तोंडाने सांगणे आणि बिलावर लिहून देणे यात दुकानदाराचाही बचाव आहे. गिऱ्हाईक कॅबिनेटबद्दल काही विचारत नाही म्हणून न सांगणे चालून जाते, असे कोणी समजू नये. ज्याला कळते तोच विचारतो. ज्याला कळत नाही त्याची सगळी भिस्त सांगणाऱ्यावर असते.

राहता राहिली काच. बाजूच्या झाकणाची काच कडक केलेली असते. ती मध्यभागी बराच मार सोसते, पण कडेला लागलेल्या लहानशा टोल्याने एकदम चुरा होते, आणि फरशीची टाइल तिच्यापेक्षा कठीण असते. झाकण काढून टाइलवर उभे ठेवू नये, गोणपाट किंवा जाड कापड अंथरून त्यावर आडवे ठेवावे. उरलेल्या स्क्रूंची पुडी कॅबिनेटच्या आतच चिकटपट्टीने लावून ठेवावी, आणि हमीची मुदत संपेपर्यंत कार्टन व त्यातला थर्माकोल टाकू नये. बदलून घ्यायची वेळ आली तर माल परत पाठवायला त्याच्याइतके चांगले दुसरे बांधणीचे साधन मिळत नाही.